तार घातलेलं कासव

सरे, तू आता नुस्तं ऐक. मधी बोलू नको, मधी बोललीस की माझं काहीतरी राहून जातं आणि नेमकं तेच कामाचं निघतं. चहा तू ठेव, मी बोलते. सुट्टीवरून होस्टेलवर आल्यापासून तू इचारतीस ना, करुणा, तुझं तोंड असं कामून झालं. तर ऐक.

आमचे अण्णा विहिरीचं काम करतात, हे तुला माहीत आहे. आता पिशोरकडं नव्या विहिरी कोण खोदतंय, सगळे बोअर घेतात. पण जुन्या विहिरी आहेत आणि त्यात गाळ बसतो. एप्रिल लागला, पाणी तळाला गेलं, की मालकांचे फोन सुरू. कडुबा, ये रे बाबा, एवढा गाळ काढून दे. मग अण्णा खाली उतरून गाळ भरतात, वर धम्मपालकाका क्रेनचं इंजन चालवतो. क्रेन म्हणजे तू इथं रस्त्यावर बघतीस तसली मोठी नाय, विहिरीच्या काठावर बसवलेला लोखंडी दांडा, दोर, आणि दोराला बकेट. बकेट वर आली की दांडा बाहेर फिरवायचा, कडी काढायची, गाळ पालथा, कडी लावायची, परत खाली. ही कडी काढायचं काम दरसाली माय करते. यंदा मायचा खांदा धरला. हात वर जाईना, चोळीची गुंडीसुद्धा तिला लावता येईना. म्हणून कडीवर मी.

हे लक्षात ठेव. कडीवर मी होते.

काम आप्पासाहेबांच्या विहिरीचं. आप्पासाहेब म्हणजे गावातले मोठे शेतकरी, वीस एकर अद्रक-मका, पोरगा सोमनाथ वाळूजला कंपनीत, शनिवार-रविवार गाडी घेऊन गावाकडं. आणि आप्पासाहेबांची म्हातारी आई, लक्ष्मीबाई. तिला आता डोळ्यानं नीट दिसत नाय. सगळं हातानं बघते, मिरच्या, भाकरी, माणसाचं तोंड. तर या म्हातारीनं पंधरा-वीस वर्षांमागं एका उन्हाळ्यात तलावातून एक कासव आणून विहिरीत सोडलेलं. आमच्याकडं सोडतात गं विहिरीत. पाण्यात काही मेलं, कुजलं, किडे झाले, गोगलगायी झाल्या, ते सगळं खातं, पाणी साफ राहतं. त्या साली आजूबाजूच्या सगळ्या विहिरी आटल्या आणि ही नाय आटली. तेव्हापासून आप्पासाहेबांच्या घरात कुणी त्याला कासव म्हणत नाय. ती विहिरीची धनीण. म्हातारी रोज सकाळी काठावर बसून भाकरीचे तुकडे टाकणार, आणि ती खालून नाक वर काढणार. मी लहानपणी बघितलंय. डुकरागत पुढं आलेलं नाक, दोन भोकं, तेवढंच पाण्यावर. बाकी सगळं खाली.

काम सुरू करायच्या आधी आप्पासाहेबांनी एकच गोष्ट सांगितली. "कडुबा, गाळ कमी निघाला तरी चालंल. पण आधी धनीण वर आली पायजे. माय माझा जीव घेईल."

अण्णा म्हणले, "काळजी करू नका आप्पा. दिसली की पयली वर पाठवतो."

निळा ड्रम अर्धा भरून माझ्याजवळ ठेवला. वर ओलं पोतं. ती आली की ड्रमात. एवढं सोपं होतं.

पहिल्या दिवशी मोटार लावून पाणी उपसलं. अण्णा खाली उतरले. साठ फूट खोल, सरे. वरून बघितलं की माणूस नाय दिसत, नुस्तं टक्कल आणि खांदे. खालून आवाज येतो तो पण फिरून फिरून, कुणी हंड्यात तोंड घालून बोलावं तसा. "व्हय" म्हणले की वर घ्यायचं, "थाम" म्हणले की थांबायचं, तिसरा शब्द नाय. वर ऊन असं की दांड्याला हात लावला की चटका. मी मायची जुनी ओढणी हाताला गुंडाळली. गाळ काळा, चिकट, वास मारणारा. कडी काढली की बकेट एकदम उलटते आणि अर्धा गाळ अंगावर. दुपारपर्यंत माझ्या पापण्यांवर गाळ सुकला होता, डोळे मिटले की कडकड वाजायचं.

ती काही दिसंना. अण्णा खालून म्हणले, कपारीत बसली असंल. त्या विहिरीला तळाशी दोन कपारी आहेत, झरे येतात तिथून. अण्णांनी हात घालून बघितला, पार खांद्यापर्यंत. नाय लागली.

दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास बकेट झाल्या असतील, मी मोजायचं सोडलं होतं. हात आपोआप चालत होते. कडी, उलट, कडी, खाली. एका बकेटीतून गाळ पडला तेव्हा त्यात एक चपटा दगड पडला. ताटाएवढा. दगड रोजच निघत होते. पण दगड पडला की ठक् वाजतं, हा थप्प वाजला. मी बघितलं. गाळाचा गोळा, चारी बाजूनं बंद, ना डोकं ना पाय. बघितलं म्हणजे डोळ्यानं बघितलं, डोक्यानं नाय. खालून अण्णा "व्हय" म्हणले, काकानं इंजन ओढलं, मी कडीला हात घातला. त्या गोळ्यावर पुढची बकेट पडली. त्याच्यावर पुढची.

तू म्हणशील कासव ओळखू येत नाय का. सरे, चित्रातलं कासव येगळं. आमच्याकडच्या ह्या कासवाची पाठ दगडागत टणक नसते, वरून कातडं असतं, मऊसर, आणि खाली मागच्या पायांपाशी दोन पाकळ्या असतात. भ्यालं की पाय आत आणि पाकळ्या बंद, डब्याला झाकण लावावं तसं. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते गाळात शिरून झोपतं. महिना, दोन महिने, पाच महिने, खात नाय, हालत नाय. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की माझे हात दुखतात.

तिसऱ्या दिवशी तळाचा खडक लागला. अण्णांनी खराट्यानं खडक झाडून घेतला, आरशागत. आप्पासाहेब काठावर येऊन उभे राहिले. संगं सोमनाथ, शनिवार होता.

आप्पासाहेब म्हणले, "धनीण कुठं हाय?"

अण्णा वर आले होते. कंबरेपर्यंत काळे, साठ फुटावरून वर आलं की उन्हात डोळे उघडत नाय माणसाचे. तसेच डोळे बारीक करून म्हणले, "न्हाई दिसली आप्पा. कपारी पण बघितल्या."

"दिसली न्हाई म्हंजी? विहिरीला काय दरवाजा हाय?"

अण्णांनी परत विहिरीत वाकून बघितलं.

सोमनाथ चष्म्याच्या काचा पुसत म्हणला, "आजकाल कासवाला लई गिऱ्हाईक आहे आप्पा. पैशाचा पाऊस पाडणारे बाबा लोक फिरतात गाड्या घेऊन." मग जरा थांबून, हसून, "नायतर मग रस्सा झाला असंल."

सरे, तो मोठ्यानं नाय बोलला. असं बोलला की जसं काय क्रिकेटचा स्कोर सांगतोय. धम्मपालकाकानं इंजन बंद केलं. आवाज बंद झाला तेव्हा कळलं तीन दिवस किती आवाज होता.

काका म्हणला, "सोमनाथदादा, नीट बोला."

"मी काय वाकडं बोललो? इचारलं फक्त."

अण्णांनी काकाच्या दंडाला धरलं. अण्णांचा हात गाळाचा, काकाच्या शर्टावर पाची बोटं उठली. अण्णा आप्पासाहेबांना म्हणले, "आप्पा, माझ्या बापानं तुमची ही विहीर बांधली. त्याच्या हातचा दगड हाय ह्यो. तुमची वस्तू आमी नेणार न्हाई, खाणार न्हाई."

आप्पासाहेब माणूस वाईट नाय. पण ते म्हणले, "मग सांग ना, गेली कुठं. मायला काय सांगू मी?"

 ह्याचं उत्तर फक्त माझ्याकडं होतं आणि मला ते त्याच टायमाला आठवलं. थप्प. मी ढिगाकडं बघितलं, तर ढीग नव्हता. सकाळपासून ट्रॅक्टर लागला होता, गाळ शेतात पसरायला. अद्रकीच्या रानात, बेड, म्हणजे उंच वाफे, पाडायच्या आधी. गाळ खत म्हणून टाकतात ना. पाऊण ढीग गेला होता. उरलेला धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडंला.

मी हाताची ओढणी सोडून दोर गुंडाळायला लागले.

घरी जाताना टेम्पोत मागं बसून मी अण्णांना सांगितलं. थप्प वाजलं ते, आणि गोळा, आणि पुढची बकेट. अण्णा टेम्पोच्या पत्र्याला टेकून बसले होते, डोळे मिटून. मला वाटलं झोपले. मग म्हणले, "तवाच कामून न्हाई बोललीस?"

"सोमनाथ तसं बोलला आणि माझी जीभच हलंना."

"आता बोललो तर म्हणतील, पोरगी बापावर पांघरूण घालती." परत डोळे मिटले. "उद्या जाऊन हुडकू."

दोन दिवस हुडकलं. मी, अण्णा, आणि खांदा धरलेली माय एका हातानं. धुऱ्याचा उरलेला ढीग आम्ही वरून वरून हातानं उकरला, फावडं लावायची भीती, लागलं तर. आत दगडागत गाळ, वरून भेगा. ट्रॅक्टरवाला पलीकडं पसरलेल्या गाळावरून पाळी घालून ढेकळं फोडत होता, दातऱ्यांखालून काय काय फिरून गेलं असंल. माय म्हणली, "करुणे, ती काय आता जित्ती असंल?" मी उकरतच राहिले. बांधावरून माणसं जाताना थांबायची. एक म्हातारा म्हणला, "काय हुडकता, नाणी सापडली का?" दुसरा म्हणला, "नाय हो, रश्श्यातलं हाड हुडकतात." आणि दोघं हसत गेले. म्हणजे दोन दिवसात ते गावभर झालं होतं.

आणि मग फोन बंद झाले. एप्रिल-मेचा महिना म्हणजे अण्णांचा फोन ठेवायला फुरसत नसते. नाचनवेलचे एक जण ठरलेले होते, ते म्हणले, मशीननं करून घेतो. करंजखेडचे एक म्हणले, पुढल्या साली बघू. क्रेन आमच्या दारात उभी. माय तिच्या दांड्यावर कपडे वाळत घालायला लागली. अण्णा रोज सकाळी उठून इंजनला तेल द्यायचे, पुसायचे आणि तिथंच बसायचे. माझ्या आजोबापासून विहिरीला कडुबाच्या घरचं माणूस बोलवतात ते कशावर, सांग. साठ फूट खाली एकटा माणूस असतो, वर मालक. विश्वास सोडून तिसरं काय असतं तिथं. तो गेला की क्रेन भंगार.

एक दिवस अण्णांनी पलंगाखालची लोखंडी सळई काढली आणि म्हणले, "करुणा, चल."

गावाच्या वर पाझर तलाव आहे. मे महिन्यात मधी म्हशी लोळतील एवढं डबकं राहतं, बाकी सगळा चिखल सुकून भेगाळलेला. अण्णा त्या भेगांवरून अनवाणी चालायला लागले, दर दोन पावलावर सळई खाली घालायची, दाबायची, काढायची. मऊ गेली की पुढं. दगड लागला की हाताला झिणझिण्या. मी मागं घमेलं घेऊन. माझ्या लक्षात आलं पण मी इचारलं नाय. दीड-दोन तास झाले. अण्णांच्या पायाच्या बोटांमधी चिखल्या झालेल्या, त्यात भेगांच्या कडा लागत होत्या, ते पाय उचलताना तोंड वाकडं करायचे. मग एका जागी सळई थांबली. दगडावर थांबते तशी नाय. अण्णा खाली बसले. हातानं माती काढली, एक वीत, दोन वीत, खाली ओल लागली, आणि तिथं ती होती. दुसरी. त्याच जातीची, जरा लहान. डोळे बंद. अण्णांनी तिला उचललं तर तिनं पाकळ्या आणखी घट्ट केल्या, तेवढंच. उठली पण नाय.

अण्णा तिला मांडीवर घेऊन बसले आणि म्हणले, "झोपेतून उठवली बिचारीला."

मी म्हणलं, "अण्णा, ही ती नाय."

"कासवाला कासव सारखं असतं."

"आपण खोटे नव्हतो. आता होऊ."

 अण्णांच्या कपाळावरून घाम नाकावर आला, नाकावरून कासवाच्या पाठीवर पडला. म्हणले, "खरं बोलून आठ दिस बसलो ना घरी. कुणी आलं का?"

सरे, तू सांग ना काय बोलायचं त्याला. थांब, आत्ता नको, शेवटी सांग.

आम्ही आप्पासाहेबांच्या दारात गेलो. ओसरीवर आप्पासाहेब, सोमनाथ, आणि खाटेवर लक्ष्मीबाई. अण्णा खाली पायरीपाशी उभे राहून म्हणले, "आप्पा, सापडली. ढिगाऱ्यात व्हती."

अण्णांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. विहिरीच्या तळातून आल्यागत.

आप्पासाहेबांचं तोंड एकदम उजळलं, खरंच, लहान पोरागत. "अरं वा. कडुबा. मायला दे, मायच्या हातात दे."

मीच पुढं होऊन घमेलं खाटेवर ठेवलं. लक्ष्मीबाईनं दोन्ही हात घातले. पाठीवरून हात फिरवला, मग नाकाशी, मग मागच्या काठाशी. काठाशी आल्यावर हात थांबला. परत पुढं गेला, परत मागच्या काठाशी आला. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तिनं तो काठ पूर्ण चाचपला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला समजंना ती काय बघते.

सोमनाथ म्हणला, "आजी, तुझ्या कासवाला तार होती ना? तूच सांगायचीस, आजोबांच्या जळक्या मोटारीची तार काठात ओवली म्हणून, वळख राहावी म्हणून."

सरे, अण्णांच्या पायाकडं बघत होते मी. त्यांच्या पायाची बोटं पायरीच्या फरशीवर आखडली, अशी.

लक्ष्मीबाई म्हणली, "व्हती."

"मग?"

"सडली असंल. पाण्यात किती दिस टिकंल?"

"तांबं सडत नसतं आजी."

"तुला लई कळतं. तू सोडली व्हती का मी?" आणि घमेलं माझ्याकडं सरकवलं. "हीच हाय. जा बाई, सोड इहिरीत."

मी घमेलं उचललं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. एकच क्षण. मग सोडलं.

आम्ही सोडली. ती नवी बिचारी पाण्यावर पडली, बुडाली, आणि लई वेळानं एका कोपऱ्यात नाक वर आलं. सोमनाथनं आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं, अण्णांना म्हणला, "कुठनं का असंना, आणलंस. बरं केलंस." म्हणजे त्याला पण माहीत होतं. पण आप्पासाहेबांना नाय. आप्पासाहेबांनी गावात चार ठिकाणी सांगितलं, कडुबानं आठ दिवस ढिगारा उकरून धनीण काढली, असा माणूस पायजे. फोन परत सुरू झाले. क्रेनवरचे कपडे मायनं काढले.

झालं, असं वाटतं ना? मला पण वाटलं.

मग जूनच्या सुरवातीला आप्पासाहेबांनी अद्रक लावायला बायका सांगितल्या. माय आणि मी गेलो, म्हणजे माय नावाला, एका हातानं बेणं टाकायची, माझं मी आणि तिचं मी. अण्णांना विहिरीवरची पाइपलाइन जोडायला बोलवलं होतं. बेड पाडलेले, त्याच गाळाचे. काळं, भुसभुशीत, मस्त रान झालं होतं, पाय घोट्यापर्यंत आत. तीन दिवस लावणी केली. वाकून वाकून माझी कंबर अशी झाली की सरळ उभं राहिलं की चक्कर यायची. चौथ्या दिवशी आप्पासाहेबांनी बेडांना पाणी सोडलं, धुऱ्याकडंच्या बाजूचा एक पाइप निसटला आणि पाणी तिथं उरलेल्या ढिगात घुसलं. अण्णा पलीकडं कॉक बंद करायला पळाले. मी धुऱ्याकडं, पाइप धरायला.

आणि ढिगाची माती हलली.

मला वाटलं पाण्यानं ढासळली. मग नाक आलं. दोन भोकं. मग लांबलचक मान, मग पुढचा पाय, नखांनी चिखल मागं ढकलत. एवढी हळू, सरे, जसं काय सगळं अंग दुखतंय तिचं. चाळीस दिवस, वरून बकेटीवर बकेट गाळ, बाजूनं ट्रॅक्टर, आणि आम्ही तिघं त्याच ढिगात हात घालत होतो, अजून वितभर खाली गेलो असतो तर. ती बाहेर आली आणि पाण्यात मान घालून प्यायला लागली. मागच्या काठाला, गाळ धुऊन निघाला तसं, काहीतरी हिरवं दिसलं. मी बोट लावलं. तार. हिरवी झालेली, दोन वेढे.

मी हाक मारणारच होते. खरंच. तोंड उघडलं होतं मी. ती आम्ही नेली नाय, विकली नाय, खाल्ली नाय, ही बघा ती, तार बघा, आणि त्या बांधावरून हसत गेलेल्यांना पण बोलवा. आणि त्याच टायमाला बघितलं, आप्पासाहेब बांधावरून चहाची किटली घेऊन येत होते. मागं सोमनाथ. आणि माझ्या डोक्यात आलं की ही बाहेर आली, तर मग विहिरीत कोण आहे?

मी बेण्याचं रिकामं घमेलं तिच्यावर पालथं घातलं आणि त्यावर बसले.

आप्पासाहेब आले. लावणीवाल्या बायकांना स्टीलच्या पेल्यात चहा, मला आणि मायला कागदी कपात, ते नेहमीचं, ते सोड. अण्णा कॉक बंद करून आले, चिखलात भरलेले. आप्पासाहेब त्यांना म्हणले, "कडुबा, धनीण मजेत हाय बरं का. पाणी बघितलंस का, दीड परस, माणूस बुडंल एवढं चढलं. आन फर्दापूरला माझा साडू हाय, त्याच्या दोन इहिरी हायत. मी सांगितलं, डोळे झाकून काम द्यायचं तर कडुबाला."

माझ्या बुडाखाली खुर्र, खुर्र. नखं घमेल्याच्या पत्र्याला लागत होती. मी चहाचा कप हलवला, खोकले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या घमेल्याकडं बघितलं. अण्णांना विहिरीतला बारीकसा आवाजसुद्धा कळतो, तीस वर्षं त्यावर जीव आहे त्यांचा. त्यांचा चहा कपातच राहिला.

सोमनाथ म्हणला, "घमेल्यावर काय बसलीस, बस ना बांधावर."

मी म्हणलं, "कंबर भरलीये दादा. उठले की परत बसता यायचं नाय."

ते गेले. अण्णांनी मला उठवलं, घमेलं उचललं. बघितलं. खाली बसले चिखलातच. तार बोटानं फिरवली. मला वाटलं रडतील, नायतर शिव्या देतील. ते फक्त म्हणले, "आता निघाली व्हय."

कासवाला म्हणले. मला नाय.

माय म्हणली, "आता? काय करायचं?"

अण्णा म्हणले, "करुणा, तलावावर सोडून ये." आणि उठून पाइप बसवायला गेले. पाठ माझ्याकडं करून.

मी ओढणीत गुंडाळून तिला तलावावर नेली. डबक्याच्या कडंला, ओल होती तिथं ठेवली. मग मी अजून एक गोष्ट केली, ही अण्णांना माहीत नाय, कुणालाच माहीत नाय. मी ती तार काढली. मला वाटलं, कुणाला सापडली तर. तार कातड्यात रुतली होती, नखानं निघंना, मी दातानं तोडली. तोंडात कसली तरी चव आली, कडू, अजून आठवली की थुंकावं वाटतं. तिनं चावायचा प्रयत्न पण केला नाय. मग पुढच्या पायांनी चिखल बाजूला सारत सारत ती तिरपी आत गेली, आधी नाक, मग पाठ, मग मागच्या पाकळ्या. पाच मिनिटांत वर नुस्तं ओलं. परत झोपली असंल. वीस वर्षं ती त्या गोल भिंतीत होती, भिंतीबाहेरचं तिला काही आठवत होतं का नव्हतं, कोण जाणे.

हे झालं. आता शेवटचं.

इकडं यायच्या आदल्या दिवशी मी आप्पासाहेबांकडं मायच्या लावणीच्या हजेरीची चिठ्ठी द्यायला गेले. ओसरीवर लक्ष्मीबाई शेंगा फोडत होती. दारात सोमनाथ मोबाईल बघत उभा. म्हातारीनं आवाजावरून वळखलं, जवळ बोलवलं, माझे दोन्ही हात हातात घेतले, चाचपले, फोड बघितले. हळूच म्हणली, "कडीवर तू व्हतीस ना?"

मी म्हणलं, "व्हय आजी."

"माझी सापडली का गं?"

सरे, ती त्या विहिरीतलीबद्दल बोलत नव्हती. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या बापाची लाज राखायला ती स्वतः खोटं बोलली आणि महिनाभर रोज सकाळी त्या दुसरीला भाकरी टाकत बसली. आणि तार माझ्या खिशात होती. ह्याच ड्रेसच्या, ह्या इथं. नुस्ती तिच्या हातात ठेवली असती तरी तिला सगळं कळलं असतं. पण सोमनाथला नुस्ता अंदाज होता, तार दिसली असती तर पुरावा झाला असता. आणि त्यानं मोबाईल खाली केला होता. बघत होता.

मी म्हणलं, "नाय आजी."

ती म्हणली, "बरं." माझ्या हातात मूठभर शेंगा दिल्या आणि परत टरफलं काढायला लागली.

ही बघ ती तार. घे हातात. धू नको, मी धुतली नाय अजून.

अण्णा फर्दापूरला आहेत, दुसरी विहीर चालू आहे, रोज सांजच्याला फोन करतात, पण त्या गोष्टीचं एक अक्षर बोलत नाय. मी पण नाय. म्हातारीचं वय झालंय, दिवाळीला मी जाईन तवा ती असंल का नाय. आता बोल सरे, चहा राहू दे. तू असतीस त्या ओसरीवर, खिशात हे घेऊन, तर तू काय केलं असतंस?